एका बगळ्याला वीस होड्या

ता. ४ एप्रिल

पंचवीस महिने पैसा माझ्या डोळ्यांसमोरून, नव्हे, माझ्या कात्रीखालून वाहून गेला आणि एकानेही मला सांगितलं नाही. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचे आशीर्वाद नीट उमटायचे नाहीत.

चि. बटण हिस आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा दुखतो, पण एकच दुखतो, तेव्हा तक्रारही अर्धीच. तुझ्या आईचा खोकला गेला का ते कळव. गेला नसेल तर ती गेला म्हणून सांगेल, म्हणून तिला न विचारता तू ऐकून कळव.

आता मुद्द्याचं. नदीवर पूल झाला, माणसं ह्या देशातून त्या देशात पायी जाऊ लागली आणि तुझ्या लाँचआजोबाची लाँच बंद पडली. माझ्या ह्या धाकट्या दिराने जन्मभर लाँचवर तिकिटं फाडली आणि दोर ओढले. आता कंपनीने त्याला पंधरा मेच्या आत खोली सोडायला सांगितलं आहे. लग्न केलं नाही, त्यामुळे जायला दुसरं घर नाही. माझी मागची खोली मिळेल का असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. अनोळखी भाडेकरूपेक्षा हा बरा, ह्याच्या खोडी निदान पाठ आहेत.

परवा ती खोली झाडायला घेतली. तिथे दोन खिळ्यांना माझे मापाचे कागद टांगलेले आहेत, जुने पहिल्याला, नंतरचे दुसऱ्याला. चाळीस वर्षं शिवण केलं, प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर आखलं, कापलं, वर नाव घातलं आणि खिळ्याला अडकवलं. पहिल्या खिळ्यावरून शाळेच्या मोठ्या बाईंच्या जाकिटाचा पाठीचा कागद हातात आला. कोपऱ्यात इवलीशी चौकट. धक्क्यावरचा आजचा भाव, एका बगळ्याला वीस होड्या. तुमच्याकडच्या नोटेवर बगळा, आमच्याकडच्या नोटेवर होडी, म्हणून जो तो बगळे आणि होड्याच म्हणतो. सरकारने ठेवलेली नावं नोटांनाच माहीत.

तो हातात धरूनच मी हिशेबाला लागले. तुझे आजोबा तिकडे बॉयलरच्या कारखान्यात होते आणि वर्षातून दोनदाच घरी यायची परवानगी होती, हे तू ऐकलेलं आहेस. दर महिन्याला ते चाळीस बगळे भावाच्या हातात ठेवायचे. हा रोज नदी ओलांडणारा. धक्क्यावर बगळे मोडून होड्या घ्यायचा आणि सात तारखेला मला आणून द्यायचा. दोनशे ऐंशी. कधी दोनशे एकोणऐंशी नाही, कधी दोनशे एक्क्याऐंशी नाही. आणि ह्यालाच मी सचोटी समजत होते! पूर्वीच्या साताच्या भावाने चाळिसाचे दोनशे ऐंशी होतात, एवढं मला माझ्या चौथीने शिकवलं आहे. पण विसाच्या भावाने किती होतात? तू कर, तुला त्याचा पगार मिळतो. भाव माकडासारखा उड्या मारतोय आणि माझे पैसे मात्र खुंटीला बांधलेले. हे कसं?

वर त्याच्या अंगाला डिझेलचा वास. मध्ये एक काळ तर असा होता, की मी त्याला घरात घ्यायची नाही, पायरीवरच चहा द्यायची. नुसतं डिझेलच होतं का, ते काही मी वाकून हुंगलं नाही. हुंगायला हवं होतं.

जुलैत दोन्ही देशांची मिळून एकच नोट निघणार म्हणून तुझ्या बँकेने तुला दप्तरखान्यात बसवून जुने भाव उतरवायला लावलं आहे ना? मग दोरा महाग होता ते पंचवीस महिने शोध, कागदावरची तारीख पाठीमागे लिहिली आहे, आणि मला लिही. त्याला पत्ता लागू देऊ नकोस. आईला हे पत्र वाचून दाखवू नकोस, का ते माझं मला माहीत. पैसे खाल्लेले निघाले तर खोली नाही, मग तो पुलाखाली राहो नाहीतर पुलावर.

पाकीट नीट चिकटवत जा. मागचं अर्धं उघडं आलं. पोस्टमन माझ्याकडे बघून हसला आणि तो उगाच हसणाऱ्यांतला नाही.

कळावे. माया आहे तेवढीच ठेव, जास्त ठेवलीस तर मला संशय येईल.
आजी

*

ता. ११ एप्रिल

ती. आजीस बटणचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, पण माझ्या आधी आईच्या हाताला लागलं. तुझं अक्षर बघून तिने मलाच मोठ्याने वाचायला बसवलं. आईला वाचून दाखवू नकोस हे वाक्य आलं तेव्हा पत्र जवळजवळ संपलं होतं. तिने हातातल्या शर्टाचं काज पूर्ण केलं, दोरा दाताने तोडला आणि दुसरं काज घेतलं. खोकला आहे, पण कमी आहे. हे मी ऐकून लिहिते आहे.

आता तुझी चौकशी. त्या वर्षांची वही काढली. जाड, तांबड्या पुठ्ठ्याची, वाळवीने कडा खाल्लेली. पंचवीसही महिने भाव एकच आहे, एका बगळ्याला नऊ होड्या. महिना बदलतो, कारकुनाचं अक्षर बदलतं, नऊ काही बदलत नाही. म्हणजे चाळीस बगळ्यांचे झाले तीनशे साठ. तुला मिळाले दोनशे ऐंशी. राहिल्या ऐंशी होड्या. त्यात धक्क्यावरच्या दलालाचा वाटा असेल, शिपायाचा चहा असेल, लाँचआजोबांच्या दोन विड्या असतील. एवढ्यासाठी माणसाला पुलाखाली झोपवायचं का?

तुझं काय आहे आजी, कुलूप लावलंस की तू ते तीनदा ओढून बघतेस आणि चौथ्यांदा कुलपावरच संशय घेतेस. मोठ्या बाईंच्या कागदावर वीस छापलंय म्हणतेस, पण तो छापणाऱ्याचा प्रमाद नसेल कशावरून? एकदा चष्मा पुसून बघ.

लाँचआजोबा रविवारी इथे डोकावले होते. मी काही बोलले नाही. त्यांनी आईच्या मशिनीला तेल घातलं आणि गेले.

गुडघ्याला शेक. लोभ आहेच, तो मोजत बसू नकोस.
तुझी, बटण

*

ता. १७ एप्रिल

चष्मा पुसला. वीस ते वीसच.

चि. बटण हिस आशीर्वाद. तू शिकलीस म्हणून तुझी वही खरी आणि माझे कागद खोटे, असं समजू नकोस. पहिल्या खिळ्यावरचे सगळे कागद काढून मी जमिनीवर पसरले. गुडघ्याने नको म्हटलं, त्याचं ऐकलं नाही. कुणाच्या कागदावरचा भाव काखेत कापला गेला आहे, कुणाचा गळ्याच्या गोलात गेला आहे, पण शाबूत राहिलेले पुष्कळ आहेत. पोस्टमास्तरच्या बायकोच्या बाहीवर अठरा. डॉक्टरांच्या कोटाच्या कॉलरवर एकवीस. बेकरीवालीचा घेर मोठा, तिला वर्तमानपत्राची दोन पानं लागली आणि दोन्ही दिवसांचा भाव वीस. ही सगळी माणसं काय माझ्याशी मिळून तुझ्या बँकेविरुद्ध उठली आहेत?

आणि भाव मला कागदावरून कळण्याची गरजही नव्हती. त्या वर्षी दोऱ्याचं रीळ दोन होड्यांवरून सहावर गेलं. सुयांचं पाकीट एकावरून तीनवर. बगळा नऊला मिळत असता तर रीळ सहाला कशाला गेलं असतं? दोरा तुमच्याच काठावरून यायचा. तुझ्या त्या वहीत नऊ कुणी लिहिलं, कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं आणि नवाच्या भावाने त्यांना बगळा कुणी दिला, ते विचार. मोठ्या साहेबाला विचारू नकोस, तो सांगायचा नाही. दप्तरखान्यात एखादा म्हातारा, निवृत्तीला टेकलेला असेलच. त्याला विचार.

इकडे तुझ्या लाँचआजोबाचं कार्ड आलं आहे. लिहितो, की मागच्या खोलीच्या खिडकीत ऊन किती वाजेपर्यंत असतं, आणि एक ट्रंक मावेल का. ट्रंक! आयुष्यभर दोन शर्ट घालणाऱ्या माणसाला ट्रंक कशाला? दोन शर्ट खांद्यावर टाकून येता येतं. ट्रंकेत काय आहे ते जाऊन बघ. उघड म्हणू नकोस, बूट बांधायला वाकल्यासारखं कर.

तो रविवारी येऊन मशिनीला तेल घालून जातो हे मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. हेही आजच कळतंय.

दुसऱ्या खिळ्याला मी अजून हात लावलेला नाही. एका खिळ्यानेच एवढं रक्त आटलं.

आजी. लोभाचं तू शेवटी लिही, मी आता चिडलेली आहे.

*

ता. २४ एप्रिल

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हरले. तू म्हणालीस तसा म्हातारा कारकून निघाला. नऊ म्हटल्यावर तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. म्हणाला, तो सरकारने ठरवलेला आकडा होता, भिंतीवर टांगायचा. त्या भावाने बँकेने साध्या माणसाला एकही बगळा विकला नाही की घेतला नाही, सगळा व्यवहार धक्क्यावर व्हायचा. त्यांच्याकडे धक्क्यावरच्या भावाची नोंदच नाही. तुझे कागद मिळतील का असंही त्याने विचारलं. मी सांगितलं, आजी कागद देईल, पण आधी तुमचं माप घेईल.

तेव्हा वीस खरे. चाळीस बगळ्यांच्या आठशे होड्या व्हायच्या. तुझ्या हातात दोनशे ऐंशी, म्हणजे फक्त चौदा बगळे मोडलेले. दर महिन्याला सव्वीस बगळे लाँचआजोबांकडे राहिले. पंचवीस महिन्यांचे साडेसहाशे बगळे.

पण आजी, दुसऱ्या खिळ्याला हात लाव. त्यानंतर काय झालं ते आमच्या वहीतही आहे, कारण तोवर सरकारने भाव मोकळा सोडला होता. आमचा बगळा आजारी पडला. एका बगळ्याला चारच होड्या, आणि हे अडीच वर्षं, तीस महिने चाललं. आजोबांच्या चाळीस बगळ्यांच्या एकशेसाठच होड्या होत होत्या. तुला तेव्हा किती मिळाले, आठव. दोनशे ऐंशीच ना? त्याला सत्तर बगळे लागतात. मग दर महिन्याला वरचे तीस बगळे कुठून आले? तीस महिन्यांचे नऊशे. नऊशेतून साडेसहाशे वजा कर. आजी, लाँचआजोबांनी तुझं काही खाल्लं नाही, उलट तूच त्यांचे अडीचशे बगळे देणं लागतेस.

हे माझ्याच्याने पोटात राहीना. मी गेले त्यांच्याकडे आणि सरळ विचारलं. तू रागावशील हे धरून गेले. ते खिडकीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, की वहिनींना मीच लिहितो. ट्रंकही बघितली, बूट न बांधता, कारण ती उघडीच होती. दोराची गुंडाळी, लाँचचा पितळी दिवा आणि बिस्किटांचा एक रिकामा डबा. डबा कशाला म्हणून विचारलं तर बगळे ह्यात असायचे म्हणाले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. काज चालूच. ह्याही वेळी काही बोलली नाही.

खोली देशील ना? माझा लोभ दोघांवरही सारखाच, भाव न बघता.
बटण

*

ता. २५ एप्रिल

ती. वहिनींच्या सेवेशी धाकट्याचा सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. तिकिटावर तारीख घालण्यापलीकडे हात चालला नाही. चूकभूल माफ असावी.

पोरीने हिशेब मांडला तो बरोबर आहे. मी मांडला नव्हता. बगळा महाग झाला तेव्हा लाँचवरची माणसं मी रोज बघत होतो. ज्याच्या हातात आठशे पडले त्याने आठशे उडवले आणि पुढे उधार मागत फिरला. लाँच चालवताना एका बाजूला माणसं दाटली की दुसऱ्या बाजूला पोती सरकवायची असतात, नाहीतर कलते. मी तेच केलं. तुम्ही दोनशे ऐंशीत घर चालवत होता. म्हटलं दोनशे ऐंशी कधी हलू द्यायचे नाहीत. वरचे डब्यात ठेवले. होड्या ठेवल्या नाहीत, बगळेच ठेवले, कारण तेव्हा सगळे म्हणायचे की बगळा कधी पडत नाही.

दादाला सांगितलं होतं. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पाइप साफ करत बसला.

बगळा पडल्यावर त्यातलेच भरीला घातले, पण डबा शेवटी अपुरा पडला. अखेरचे आठ-नऊ महिने भाड्याची खोली सोडून इंजिनापाशी झोपलो. त्याचं काही नाही, तिथे ऊब असते. मी ते अडीचशे मागत नाही आणि मागणार नाही. जुलैनंतर बगळा म्हणजे नुसतं चित्र राहील.

खोली जमत नसेल तर तसं कळवावं. मी दुसरीकडे बघेन, राग मानणार नाही. खिडकीतल्या उन्हाचं विचारलं ते छातीच्या दुखण्यासाठी, दुसरं काही मनात नव्हतं.

आजवर पायरीवर बसवलंत तेही आपलंच समजलो. तशीच कृपा असू द्यावी.
आपला, धाकटा

*

ता. १ मे

चि. बटण हिस आशीर्वाद. भावजींचं पत्र आणि तुझं, दोन्ही समोर ठेवून लिहिते आहे. हे पत्र तू त्यांना दाखव, आईलाही वाचून दाखव. ह्या वेळी सांगून दाखवायला लावते आहे.

तुझा हिशेब मी तपासला. मला एवढा गुणाकार झेपत नाही, म्हणून बटणांनी केला. शंभर होड्यांना एक बटण. वीस भावाच्या दिवसांत दर महिन्याला पाचशेवीस होड्या त्यांच्याकडे राहिल्या, पंचवीस महिन्यांच्या तेरा हजार. पांढरी बटणं एकशेतीस. चार भावाच्या दिवसांत त्यांनी दर महिन्याला एकशेवीस होड्या वर घातल्या, तीस महिन्यांच्या छत्तीसशे. काळी बटणं छत्तीस. एका काळ्याबरोबर एक पांढरं उचलत गेले. चौऱ्याण्णव पांढरी बटणं चटईवर उरली. तेच मला नऊ हजार चारशे होड्या देणं लागतात.

तू म्हणतेस मी देणं लागते, बटणं म्हणतात ते लागतात. मी तीनदा मोजलं. तुझंही बरोबर आहे आणि माझंही. तू नदीच्या त्या काठावर बसून बगळे मोजलेस, मी ह्या काठावर बसून होड्या मोजल्या. आणि जुलैनंतर दोन्हींची रद्दी होणार. तेव्हा पैशाचा वाद इथेच सोडते.

पण भावजी, आता तुम्हाला लिहिते. दोनशे ऐंशी हलू दिले नाहीत म्हणता. रीळ दोनावरून सहावर गेलं तेव्हा माझे दोनशे ऐंशी जागेवर होते? ते बुडत होते, तुम्हाला दिसले नाहीत, कारण तुम्ही आकडा बघत होता. महागाईत तुम्ही माझं कापलंत आणि स्वस्ताईत भर घातलीत. पोती उलट्या बाजूला सरकवलीत. मन चांगलं होतं, ते मी ओळखते, म्हणून तर जास्त चीड येते. खाल्ले असतेत तर दार लावून मोकळी झाले असते. दोन भाऊ बसले, एकाने पाइप साफ केला, एकाने डबा भरला आणि माझं घर किती पैशांत चालतं ते ठरवलं. दर सात तारखेला माझ्यासमोर बसून चहा घेत होता. एकदा तोंड उघडून मला विचारायला काय झालं होतं?

इंजिनापाशी झोपलात हे मला आज कळलं. डिझेलचा वास कुठून यायचा तेही. तो चहा मी पायरीवर दिला, तो आता परत आत आणून देता येत नाही. त्याबद्दल एवढंच.

आता जे मी कुणाला लिहिलं नव्हतं ते लिहिते. त्या पंचवीस महिन्यांतल्या नवव्या महिन्यात मी बटणच्या आईला सातवीतून काढली. फी पस्तीस होड्या होती. ती जमेना, आणि तिचे हात काजांना लागले तर महिन्याला चाळीस सुटतील असा मी हिशेब केला. शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. पोरीला गणित येतं, तिला काढू नका, म्हणाल्या. मी त्यांचं जाकीट शिवायला घेतलं होतं आणि बोलता बोलता कापलेला कागद त्यांच्या पाठीला लावून बघत होते. तोच कागद. भाव त्यांच्या पाठीवर होता, माझ्या डोळ्यांपासून वीतभर. मी टाचण्या तोंडात धरल्या होत्या, म्हणून मानेनेच नाही म्हटलं. भावजींना कुणी सांगितलं नाही, मला कुणी सांगितलं नाही, पण वाचता तर मला येत होतं. माप आखताना मी छापलेलं वाचायची नाही, रेघ बघायची. तेवढा दोष माझा, तो मी दुसऱ्या कुणावर टाकत नाही.

आणि भावजी, पुढच्या सात तारखेला तुम्ही आलात तेव्हा ती दारातच बसून काजं करत होती. शाळेची वेळ होती. तुम्ही तिच्याजवळ उभे राहून म्हणालात, की काजं फार सुबक होतात तुझी. मला ते अजून ऐकू येतं. तेव्हा तुमच्या डब्यात सव्वीस बगळ्यांच्या थप्प्या होत्या.

म्हणून सांगते, हा हिशेब माझा आणि तुमचा नाहीच. ना बटणच्या बँकेचा. बगळ्यांत मोजा नाहीतर होड्यांत, येणं तिसरीचंच आहे, आणि ती गेले महिनाभर काज करत गप्प बसली आहे. तिचं गप्प बसणं मला माहीत आहे. सातवीतून काढली तेव्हाही ती एवढंच बोलली होती.

खोली झाडून झाली. मशीन पुढच्या खोलीत आणलं. ऊन दुपारी एकपर्यंत असतं, ट्रंक खिडकीखाली मावते, मी टेप लावून बघितलं. किल्ली खिळ्याला अडकवली आहे, कागद काढले तो पहिला खिळा. पण ती देणारी मी कोण? पंधरा तारखेच्या आत उत्तर हवं. बटण, तू लिहायचं नाहीस आणि सुचवायचंही नाहीस. भावजींनी लिहायचं नाही, त्यांचं लिहून झालं. उत्तर तुझ्या आईने द्यायचं, तिच्या हाताने, सुई खाली ठेवून.